आर्टिकलशिप (तळोदा व परिसर)

चार्टर्ड अकाउंटंट होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या हाताखाली करायची सक्तीची उमेदवारी. विद्यार्थ्याला बोलीभाषेत 'आर्टिकल' आणि त्याच्या सीएला 'प्रिन्सिपल' म्हणतात. दोघांमध्ये रीतसर करारनामा होतो व त्याची नोंदणी आयसीएआय या राष्ट्रीय संस्थेकडे होते. ही संस्था चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याखाली १ जुलै १९४९ रोजी अस्तित्वात आली. उमेदवारीची पद्धत मात्र तिच्याहून जुनी आहे. मुंबई सरकारने १९१८ मध्ये सुरू केलेल्या जीडीए या हिशेबनिसीच्या पदविकेलाही मान्यताप्राप्त लेखापालाकडील तीन वर्षांच्या अनुभवाची जोड लागत असे. हा व्यवसाय केवळ पुस्तकातून शिकता येत नाही, ही समजूत तेव्हापासून टिकून आहे आणि ती योग्यच आहे.

जुलै २०२३ पासून लागू झालेल्या योजनेत उमेदवारी दोन वर्षांची झाली. त्यापूर्वी ती तीन वर्षांची होती. सीएच्या परीक्षेतील मधल्या टप्प्याचे, म्हणजे इंटरमीडिएटचे, दोन्ही ग्रुप सुटल्यावरच आता ती सुरू करता येते आणि ती संपल्यानंतर अभ्यासाला सहा महिने मिळून मग शेवटची परीक्षा, फायनल, देता येते. वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के, तर इतर शाखांच्या पदवीधराला ६० टक्के गुण असल्यास पहिली परीक्षा, फाउंडेशन, न देता थेट इंटरमीडिएटला प्रवेश मिळतो. इंग्लंडमध्ये २०१५ पासून पदवी आणि उमेदवारी यांची एकत्र मोट बांधलेले अभ्यासक्रम निघाले. मोठ्या ऑडिट फर्म तिथे बारावीनंतरच मुलांना पगारावर घेतात आणि शिक्षणाचा खर्च विद्यार्थ्यावर पडत नाही. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये उमेदवारीयुक्त पदवीची मार्गदर्शक तत्त्वे काढली खरी, पण सीएच्या वाटेवर पदवी वेगळी आणि आर्टिकलशिप वेगळी. दोन्हींचा मेळ विद्यार्थ्याला आपला आपण घालावा लागतो.

तळोदा हे तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या पट्ट्यातले तालुक्याचे गाव. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते त्यात आले. गावाला रेल्वे नाही. सुरत–भुसावळ मार्गावरचे नंदुरबार स्थानक गाठावे लागते. आयसीएआयच्या पश्चिम विभागात महाराष्ट्र आणि गुजरात दोन्ही येत असल्याने इथल्या विद्यार्थ्याला सुरतही तितकीच आपली वाटते जितके नाशिक किंवा जळगाव. आंतरराष्ट्रीय नावांशी जोडलेल्या मोठ्या फर्मसाठी मात्र मुंबई-पुण्यासारखे मोठे शहर गाठावे लागते.

अडचण पैशाची आहे. आर्टिकलला मिळणाऱ्या स्टायपेंडचा किमान दर गावाच्या लोकसंख्येवर ठरतो. २०२३ च्या दरांनुसार २० लाखांवर वस्तीच्या शहरात पहिल्या वर्षी दरमहा किमान ४,००० रुपये, तर चार लाखांहून कमी वस्तीच्या ठिकाणी २,००० रुपये. मोठ्या फर्म यापेक्षा बरेच जास्त देतात, पण त्यांच्याकडील जागा मोजक्या असतात. मध्यम फर्ममध्ये लागलेल्या तळोद्याच्या मुलाला पुण्यात खाटेचे भाडे आणि मेसचा डबा एवढ्यात भागवता येत नाही. बाकीचा भार घरच्या शेतावर किंवा दुकानावर पडतो. हुशारी असूनही या वाटेला न जाणारी मुले इथेच गळतात, आणि ही गळती संस्थेच्या कोणत्याही परीक्षेच्या निकालात दिसत नाही.

मोठ्या फर्ममध्ये आर्टिकल एका साखळीचा भाग असतो: वर सीनियर, त्यावर मॅनेजर, शेवटी सही करणारा पार्टनर. एखाद्या कंपनीच्या ऑडिटमध्ये त्याच्या वाट्याला महिनाभर फक्त स्थिर मालमत्ता किंवा फक्त येणी येऊ शकतात. केलेले प्रत्येक काम कागदावर कसे मांडायचे, नमुना का आणि कसा निवडला हे कसे लिहायचे, याची शिस्त तिथे लागते. लहान गावच्या फर्ममध्ये ती सहसा इतकी कडक नसते. उलट तिथे तोच मुलगा सकाळी जीएसटीचे विवरण भरतो, दुपारी प्राप्तिकराच्या नोटिशीला उत्तर लिहितो आणि संध्याकाळी पतसंस्थेत बसतो.

पतसंस्थेचे ऑडिट हीच या भागातली खरी शाळा. सहकार कायद्यातल्या २०१३ च्या दुरुस्तीनंतर लेखापरीक्षक निवडण्याचा अधिकार सभासदांच्या वार्षिक सभेकडे आला. निवड शासनमान्य तालिकेतूनच करावी लागते. तपासणीनंतर संस्थेला अ, ब, क, ड यांपैकी वर्ग मिळतो आणि दाखवलेल्या उणिवांवर संस्थेला दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. एजंटामार्फत रोज गोळा होणाऱ्या पिग्मी ठेवींची तपासणी घ्या. खतावणीतली बाकी संगणकातल्या बाकीशी जुळली म्हणून काम संपत नाही. ठेवीदाराकडचे पासबुक मागवून त्यातली शेवटची नोंद खतावणीशी ताडून पाहावी लागते, कारण एजंटाने रक्कम घेतली पण भरली नाही, तर ते फक्त ठेवीदाराच्या पासबुकातच दिसते. चहाच्या टपरीवाल्याकडे जाऊन त्याचे पासबुक मागणे, त्याला न दुखावता आणि संशय न पेरता, हे आर्टिकलला कोणत्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत.

मार्च संपता संपता बँकशाखांचे वैधानिक ऑडिट सुरू होते आणि शहरांतल्या फर्मचे आर्टिकल सातपुड्याच्या पायथ्याच्या शाखांत येतात. एरवी ९० दिवस थकलेले कर्ज अनुत्पादक ठरते. पीककर्जाला रिझर्व्ह बँकेने हंगामाचे माप लावले आहे. अल्पमुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम, तर वर्षाहून लांब हंगाम असलेल्या पिकांसाठी एक हंगाम थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक. तळोद्याकडे ऊस, केळी, पपई, कापूस आणि मिरची सगळेच पिकते. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस तुटायला दीड वर्ष जाते, हे ठाऊक असलेला मुलगा कर्जाच्या मंजुरीपत्रावरचे पीक आणि परतफेडीची तारीख यांचा मेळ एका नजरेत पाहतो. कापसावर दिलेल्या कर्जाला उसाची मुदत लावली असेल, तर ती त्याच्या डोळ्यांत खुपते. ग्राहकाच्या व्यवसायाची जाण घेऊन मगच तपासणी आखावी, असे ऑडिटची मानकेही सांगतात. भिली, पावरी, अहिराणी किंवा गुजरी कानावर पडत वाढलेल्या मुलाची ही जाण मुलाखतीत क्वचितच विचारली जाते, आणि मोठ्या फर्मनी ती विचारली पाहिजे.

उमेदवारी पूर्ण करून फायनल उत्तीर्ण झालेल्याला आयसीएआयचे सभासदत्व मिळते. स्वतः सही करायची तर त्यापुढे प्रॅक्टिसचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते हाती आल्यावर तळोद्यात परतून पाटी लावणाऱ्याला सहकारी संस्था, व्यापारी आणि बँकशाखा यांचे काम मिळते. त्याला स्वतःचे आर्टिकलही घेता येतात, आणि मग गावातल्याच मुलाला भाड्याच्या खोलीशिवाय हे शिक्षण मिळते.