देवाचा नियम मोडला तर काय होते? ‘परमात्मा एक’ सेवकांची समजूत

भंडारा, गोंदिया, नागपूर भागात फिरताना अनेक घरांच्या दारावर ‘परमात्मा एक’ असे लिहिलेले दिसते. हे महानत्यागी बाबा जुमदेवजी (1921–1996) यांच्या मार्गाचे सेवक. नागपूरच्या जुमदेव ठुब्रीकर यांनी हा मार्ग सुरू केला आणि तो पूर्व विदर्भातील कष्टकरी घरांत पसरला.

नियम कोणते?
चार तत्त्वे, तीन शब्द आणि पाच नियम. तीन शब्द म्हणजे सत्य, मर्यादा आणि प्रेम. पाच नियमांचा सार असा: एकाच भगवंताला मानणे, सत्य-मर्यादा-प्रेमाने वागणे, दारू, जुगार, सट्टा अशी व्यसने सोडणे, घरात एकी राखणे आणि कुटुंब मर्यादित ठेवणे.

नियम मोडला तर?
सेवकांच्या श्रद्धेनुसार दुःख परत येते. पण नियम नीट पाहिले तर शिक्षा करायला वरून कुणी उतरावे लागत नाही, हे लक्षात येते. तुमसर तालुक्यातील चिखल्यासारख्या मॅंगनीज खाणीच्या गावाचे उदाहरण घ्या. मजुरी दारूत गेली, तर घरात आधी उधारी, मग भांडण आणि शेवटी आजारपण येते. खोटे बोलणाऱ्याला गावात कुणी उसने देत नाही. नियम मोडण्यातच त्याचे फळ असते. ‘करावे तसे भरावे’ ते हेच.

मग प्रत्येक दुःख ही शिक्षा आहे का?
नाही. इथेच गफलत होते. लहान मुलाचा ताप, साप चावणे, खाणीतला अपघात किंवा नापिकी यांमागे पाप शोधणे म्हणजे दुःखी माणसालाच दोषी ठरवणे. अशा वेळी आधी दवाखाना गाठायचा. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

थोडक्यात
आपल्या हातून घडलेल्या गोष्टीचा परिणाम आपला. तो बदलणेही आपल्याच हाती. व्यसन सुटले की त्याच मजुरीत घर चालते. जे आपल्या हातात नव्हते, त्याचा दोष मात्र कुणाच्या माथी मारू नये.