हजेरीपटातली घोरपड

हजेरी घेताना आपण रोज चाळीस-पन्नास आडनावे उच्चारतो. नकळत त्यांवरून मुलाचे घराणे, धंदा, जातही ताडतो. हा अंदाज कितपत भरवशाचा आहे? कोल्हापूर भागातलेच 'घोरपडे' हे आडनाव तपासून पाहू.

परंपरा सांगते की बहमनी काळात खेळणा किल्ल्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, वेढ्यात एका भोसले सरदाराने घोरपडीला दोर बांधून कडा सर केला व 'घोरपडे' हा किताब मिळवला. घोरपड नख्या रोवून घट्ट धरते हे खरे. पण काही किलो वजनाचा हा प्राणी माणसाचा भार पेलेल का, हे वर्गात जरूर विचारावे. ते काही असो, घराण्याने ही कथा अभिमानाने जपली.

याच आडनावाचे संताजी घोरपडे मराठ्यांचे सेनापती झाले. कागल तालुक्यातल्या 'सेनापती कापशी' या गावाच्या नावात त्यांच्या घराण्याचे पद आजही टिकून आहे. संताजींच्या पदरी नारो महादेव जोशी हे ब्राह्मण कारभारी होते. धन्याविषयीच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी 'घोरपडे' आडनाव घेतले. त्यांचे वंशज इचलकरंजीचे जहागीरदार झाले. म्हणजे कापशीचे व इचलकरंजीचे घोरपडे यांचे आडनाव एक, पण रक्ताचे नाते नाही आणि जातही वेगळी!

उलटही घडते. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव 1884 साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. वंश घाटग्यांचा, घराणे भोसल्यांचे. याच शाहू महाराजांनी 1918 साली संस्थानातली कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. काम गेले, आडनाव राहिले. आजच्या कुलकर्ण्यांना गावचे दप्तर ठाऊकही नसेल.

आडनाव बापाकडून मुलाकडे जाते. वाय गुणसूत्रही तसेच जाते. मग दोन्ही जुळायला हवीत. इंग्लंडमध्ये 'साइक्स' आडनावाच्या पुरुषांची तपासणी झाली. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जवळपास निम्म्यांचेच वाय गुणसूत्र सारख्या ठेवणीचे निघाले. दत्तक, विवाहबाह्य संतती, आडनाव बदलणे अशा वाटांनी नाव आणि रक्त यांची ताटातूट होते.

म्हणून मुलांना आडनावांचा शोध जरूर घ्यायला लावावा. गाव, हुद्दा, धंदा, प्राणी असे गट पाडावेत. आजी-आजोबांना विचारून नोंदी कराव्यात. मात्र जात हा रकाना ठेवू नये. आडनाव हे पूर्वजांच्या आयुष्यातल्या एखाद्या प्रसंगाची खूण असते. समोरच्या बाकावरचे मूल कोण आहे, हे त्या मुलालाच सांगू द्यावे.