जुनी गाडी, नवे एंजिन

पोलादाच्या नगरीत राहणाऱ्या माणसाला यंत्रांचे अप्रूप फारसे उरत नाही. तथापि गेल्या हिवाळ्यात भिलाईतील एका मराठी स्नेह्यांनी विचारलेल्या प्रश्नाने मला बरेच दिवस गुंतवून ठेवले. त्यांच्या वडिलांनी निवृत्त होताना कार्यालयाच्या लिलावात एक ॲम्बॅसडर घेतली होती. वडील गेले, गाडी राहिली. परंतु तिचे मूळ एंजिन आता पार थकले होते. मिस्त्र्याने मॅटॅडोरचे डिझेल एंजिन बसवून देण्याची तयारी दाखविली होती. "बसेल की नाही, हे मी विचारीत नाही," ते म्हणाले, "ते मिस्त्री बघेल. बसविल्यावर मुलाबाळांना घेऊन नागपूरला जावे का, एवढेच सांगा."

प्रश्न यंत्राचा होता खरा, पण त्याचे उत्तर मला इतिहासात शोधावे लागले.

परप्रांतात नोकरी केलेल्या आपणां मंडळींना ॲम्बॅसडरची ओळख करून द्यावयास नको. बदलीच्या गावी आगगाडीतून उतरावे, तो स्थानकाबाहेर हीच पांढरी गाडी उभी असावयाची. हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ साली निघाली. तिचा आरंभ गुजरातेतील ओखा बंदरी झाला व पुढे कारखाना बंगालमध्ये उत्तरपाडा येथे उभा राहिला. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीची तिसरी आवृत्ती तेथे १९५७-५८ च्या सुमारास ॲम्बॅसडर या नावाने बनू लागली. प्रारंभी तिच्यात १४७६ घनसेंटिमीटरचे जुन्या घडणीचे, बाजूला झडपा असलेले एंजिन होते. १९५९ साली त्या जागी वर झडपा असलेले १४८९ घनसेंटिमीटरचे एंजिन आले. म्हणजे एंजिन बदलण्याची प्रथा या गाडीच्या बाळपणापासूनचीच आहे. मात्र नवे एंजिन जुन्याएवढ्याच आकाराचे होते, आणि त्याची शक्ती पन्नास अश्वशक्तीच्या आसपास होती. गाडीचे सारे अंग त्याच मापाने बेतलेले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ट्रकला किंवा जीपला खाली स्वतंत्र लोखंडी सांगाडा असतो. ॲम्बॅसडरला तसा सांगाडा नाही. तिचे पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. पुढे एंजिनाचा जो भार पडतो, तो या अंगालाच पेलावा लागतो. पत्रा गंजला की गाडीचे हाडच गंजले, असे समजावे.

१९७३ साली खनिज तेलाचे भाव जगभर भडकले आणि पेट्रोलवर चालणारी गाडी पोसणे भाडोत्री मोटारवाल्यांस जड जाऊ लागले. डिझेल त्या मानाने स्वस्त होते. हिंदुस्थान मोटर्सने १९८० च्या सुमारास डिझेलची ॲम्बॅसडर काढली. पण तिचे एंजिन पुन्हा १४८९ घनसेंटिमीटरचेच आणि शक्ती अवघी ३७ अश्वशक्ती. पाच माणसे व टपावरील वळकट्या घेऊन चढणीला लागलेली ती गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगणे नको.

याच काळात पुण्याकडे निराळी घडामोड चालू होती. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी स्थापन केलेली बजाज टेम्पो कंपनी आकुर्डी येथे तीनचाकी टेम्पो व मॅटॅडोर गाड्या बनवीत असे. १९८० च्या दशकात या कंपनीने जर्मनीच्या डाइमलर-बेंझकडून परवाना घेऊन चार सिलिंडरांचे, सुमारे २४०० घनसेंटिमीटरचे डिझेल एंजिन बनविण्यास प्रारंभ केला. मर्सिडीज मोटारीत वर्षानुवर्षे राबलेले हे एंजिन दणकट होते, आणि त्याचे सुटे भाग आता देशातच मिळू लागले. मिस्त्रीमंडळींच्या नजरेतून ही संधी सुटणे शक्य नव्हते. अनेक प्रांतांतील गॅरेजांतून मॅटॅडोरचे एंजिन ॲम्बॅसडरच्या नाकाडाखाली जाऊन बसले. एंजिनाचे आधार कापून नव्याने जोडावे, मागचा दांडा मापात आणावा, रेडिएटर मोठा घ्यावा, असा तो उद्योग असे. गाडी ओढायला बळकट झाली व तेलही परवडू लागले. पुष्कळ कुटुंबांची पोटे या कारागिरीवर चालली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

मग कारखान्यांनी असे बदल केलेच नाहीत काय? केले. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ साली फियाट १२४ च्या जुन्या अंगात जपानच्या निस्सानचे ११७१ घनसेंटिमीटरचे एंजिन घालून '११८ एनई' ही गाडी काढली. हिंदुस्थान मोटर्सने १९९२ साली ॲम्बॅसडरलाच जपानच्या इसुझूचे १८१७ घनसेंटिमीटरचे, ७५ अश्वशक्तीचे एंजिन दिले. ही एंजिने पिथमपूर येथे बनत. भिलाई व पिथमपूर तेव्हा एकाच मध्य प्रदेशात होती. परंतु कारखान्याने केवळ एंजिन बदलले नाही. चार वेगांची गिअरपेटी जाऊन पाच वेगांची आली आणि सुकाणूच्या दांड्यावरची गिअरची काठी खाली जमिनीवर आली. शक्ती वाढली, तेव्हा ती चाकांपर्यंत नेणारी वाटही त्यांना बदलावी लागली.

याच्या उलट प्रयोगही आपल्याकडे झाला. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ साली रोव्हरचे देखणे, मोठे अंग घेतले आणि त्यात जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातील दोन लिटरचे एंजिन बसविले. रूप राजाचे आणि बळ कारकुनाचे! ती गाडी थोड्याच वर्षांत बंद पडली. मोठ्या अंगात दुबळे एंजिन घातले, तर गाडी हसू करून घेते. लहान अंगात बलाढ्य एंजिन घातले, तर मात्र प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे राहत नाही.

या दुसऱ्या प्रकाराचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे कोब्रा. इंग्लंडातील एसी कंपनी १९५३ पासून 'एस' नावाची हलकी, दोन आसनांची गाडी बनवीत होती. १९६२ साली अमेरिकेच्या कॅरोल शेल्बी यांनी तिच्यात फोर्डचे आठ सिलिंडरांचे, सव्वाचार लिटरांचे एंजिन बसविले. गाडी शर्यती जिंकू लागली. पुढे सात लिटरांचे एंजिन घालावयाचे ठरले, तेव्हा जुना सांगाडा पुरेना. १९६५ च्या आवृत्तीत सांगाड्याच्या मुख्य नळ्या तीन इंचांऐवजी चार इंच व्यासाच्या घेतल्या आणि स्प्रिंगांची रचनाही बदलली. शर्यतीच्या धुंदीतील माणसांनासुद्धा हा हिशेब चुकविता आला नाही.

तो हिशेब असा. गाडीचा वेग दीडपट झाला, तर तिच्यातील गतिज ऊर्जा दीडपट होत नाही, ती सव्वादोनपट होते. ताशी ६० किलोमीटरांनी जाणारी गाडी ९० ने धावू लागली की थांबविताना तेवढी सारी ऊर्जा ब्रेकच्या ढोलांत उष्णता होऊन उतरते. ढोल तापले की ब्रेकची पकड ढिली पडते. शिवाय जड एंजिनामुळे पुढच्या चाकांवर अधिक भार येतो आणि वळणावर गाडी सुकाणूचे ऐकेनाशी होते. अधिक शक्ती चढणीवर उपयोगी पडते हे खरे. पण तिची परीक्षा उतारावर होते.

हे शहाणपण शिकावयास छत्तीसगढच्या लोकांना परदेशी जाण्याचे कारण नव्हते. नागपूर ते राजनांदगाव हा लोहमार्ग १८८० ते १८८२ या काळात सुरू झाला, तो मीटरमापी होता. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेतला. नागपूर व बंगाल यांच्यामध्ये मोठी एंजिने चालवावयाची, तर एक मीटर रुंदीच्या वाटेवर ती उभीही राहणार नव्हती. म्हणून तो मार्ग रुंदमापी, म्हणजे १६७६ मिलिमीटरांचा, करण्यात आला. आधी वाट रुंद झाली, मग मोठे एंजिन आले. आज त्याच मार्गावरून भिलाईचे रूळ देशभर जातात. भिलाईची रूळ-गिरणी १९६० साली सुरू झाली. पुढे आगगाड्यांचे वजन व वेग वाढत गेले, तसे मीटरला ५२ किलोग्रॅमच्या रुळांची जागा ६० किलोग्रॅमच्या रुळांनी घेतली.

खुद्द भिलाईचे तरी निराळे काय आहे? २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएट संघाशी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर राजधानीतून चाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. दहा लक्ष टनांचा हा कारखाना पुढे २५ लक्ष व नंतर ४० लक्ष टनांचा झाला. पण केवळ भट्ट्या वाढवून हे साधले नाही. दल्ली-राजहराच्या खाणी, नंदिनीचा चुनखडक, पाणी, वीज व लोहमार्ग या साऱ्यांनी भट्टीच्या बरोबरीने पाऊल टाकले, म्हणूनच ते साधले.

कायद्यानेही हेच सूत्र धरले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, निर्मात्याने दिलेल्या मूळ वर्णनाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली या कलमाचा कठोर अर्थ लावला. आपल्यापैकी अनेकांनी असे नियम लोकांना समजावून सांगण्यातच आयुष्य घालविले आहे. तेव्हा स्वतःच्या अंगणात त्यांना फाटा देणे शोभणारे नाही. पण नियम नसता, तरी माझे उत्तर बदलले नसते. रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसाने आपल्या मिस्त्र्यावर विश्वास टाकलेला नसतो.

उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये बंद झाला, आणि २०१७ साली ॲम्बॅसडर हे नावसुद्धा फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने विकत घेतले. ज्या गाड्या उरल्या, त्या जपावयाच्या की बदलावयाच्या, हे आता मालकांनाच ठरवावयाचे आहे.

मी स्नेह्यांना हे सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वडील ती गाडी पन्नासच्या वर कधी नेत नसत. आम्हाला वाटे, गाडीत दम नाही." पुढे त्यांनी मूळचेच एंजिन उघडून नव्याने बांधून घेतले व ब्रेकही दुरुस्त केले. संक्रांतीला मंडळी नागपूरला जाऊन आली. जावयाला सारा दिवस लागला, एवढीच मुलांची तक्रार होती.