कोंढाण्याचं नाव लावणारा उंदीर

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसरेंची समाधी आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये ते कोंढाण्यावर पडले आणि त्यांचं पार्थिव मढे घाटाने खाली आणलं, असं आमच्या महाड-पोलादपूरकडे सांगतात. पुढे सगळ्यांच्या तोंडी त्या गडाचं सिंहगड हेच नाव बसलं. ‘कोंढाणा’ हे जुनं नाव प्राणिशास्त्रात मात्र टिकलंय, ते एका उंदरामुळे. मिलार्डिया कोंडाना.

१९७५ साली मिश्रा आणि ढांडा या संशोधकांनी ही नवी जात जगापुढे आणली. ते पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे, म्हणजे आजच्या एनआयव्हीचे. विषाणूंच्या संस्थेला उंदरांशी काय देणंघेणं? १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडतापाचा विषाणू सापडला. तो गोचिडींतून पसरतो आणि लहान गोचिडी रानउंदरांच्या रक्तावर जगतात. त्यामुळे कोणता उंदीर कोणत्या जातीचा, हे ओळखणं या संस्थेसाठी कामाचं होतं.

नावातला ‘मिलार्डिया’ हा भाग डब्ल्यू. एस. मिलार्ड यांचा. ते मुंबईच्या बीएनएचएसचे सचिव होते. देशभरातल्या सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी १९११ च्या सुमारास त्यांच्याच धडपडीतून उभी राहिली आणि तिची सुरुवात खानदेशातून झाली. याच गटातला शेतात राहणारा भाऊबंद म्हणजे ‘मेलटाडा’. हे नाव वडारांच्या बोलीतून आलं. एकोणिसाव्या शतकात वॉल्टर एलियट यांनी धारवाडकडे ते नोंदवलं. जमीन खणणाऱ्यांना हा उंदीर शास्त्रज्ञांच्या आधीच ठाऊक होता.

कोंढाण्याचा उंदीर मेलटाडाहून थोराड, मऊ केसांचा. बिळात राहतो, रात्री बाहेर पडतो. कितीतरी वर्षं तो फक्त सिंहगडाच्या माथ्यावरच, जेमतेम एक चौरस किलोमीटरच्या पठारावर, माहीत होता. चराई, तुटणारी झुडपं आणि पर्यटकांची गर्दी यांमुळे आज तो धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे.

रीलमध्ये गाल फुगवून दाणे खाणारा हॅमस्टर आठवा. १९३० मध्ये सीरियातल्या अलेप्पोजवळ पकडलेल्या एका मादीच्या पिल्लांपासून त्याचा वंश घरोघरी आणि प्रयोगशाळांत पसरला. आपल्या उंदराला असं दुसरं घर नाही.

गड वाचवायचा म्हटलं की आपण तट, बुरूज, टाकी मोजतो. माथ्यावरचं गवत आणि झुडपं त्या हिशेबात धरतच नाही. कोंढाण्याचं नाव लावणारा हा जीव तर त्यातच राहतो.