नोंदवहीतील नाव : परिचारिकांच्या परीक्षेचा इतिहास

इतिहासाच्या शिक्षकाने रुग्णालयाचा विषय का निवडावा, असा प्रश्न काही स्नेह्यांनी मला केला. त्याचे उत्तर आपल्या शाळेतच आहे. येथून बाहेर पडलेल्या मुली परिचारिका होण्यासाठी बेळगाव, मिरज, कोल्हापूर येथे जाताना मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. अभ्यासक्रम पुरा झाला, लेखी, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा पार पडल्या, तरी राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी होईपर्यंत त्यांच्या जिवाला स्वस्थता नसते. ही नोंदणी म्हणजे केवळ कचेरीतला एक सोपस्कार, असे पालकांना वाटते. तिच्यामागे स्त्रियांच्या प्रतिष्ठेचा केवढा इतिहास उभा आहे, तो आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

रुग्णसेवा आपल्याकडे नवी नव्हती. घरोघरी आजारी माणसाची उस्तवार बायकाच करीत, आणि गावोगावी सुईणी होत्याच. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतःच त्या रोगाला बळी पडल्या. परंतु सेवा होती म्हणून सेवा करणाऱ्या स्त्रीला मान होता, असे मात्र म्हणता येत नाही. परक्या पुरुषाला स्पर्श करणे, कोणत्याही जातीच्या रोग्याचे मलमूत्र काढणे, रात्रपाळीला घराबाहेर राहणे, या गोष्टी 'चांगल्या घरच्या' बाईला शोभत नाहीत, असाच समज होता. अशा काळात, १८९१ साली, बाई काशीबाई गणपत मुंबईत परिचर्येचे रीतसर शिक्षण घेण्यास पुढे आल्या. या शिक्षणाच्या इतिहासात पहिली भारतीय विद्यार्थिनी म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मिरजेस डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले व तेथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी ससून रुग्णालयात मुली शिकावयास पाठविल्या. त्यांत विधवाही होत्या. ज्यांना घरात कोपरा उरला होता, त्यांच्या हाती या शिक्षणाने स्वतःची मिळकत दिली.

परंतु शिकलेली कोण आणि न शिकलेली कोण, हे ठरवावयाचे कसे? हा वाद प्रथम इंग्लंडात पेटला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली होती. तरीही सरकारी परीक्षा आणि नोंदवही यांना त्यांचा विरोध होता. माया, सचोटी, जागरूकता हे गुण प्रश्नपत्रिकेत कसे मोजणार, असा त्यांचा आक्षेप होता. उलट बाजूस श्रीमती बेडफर्ड फेनविक होत्या. ठरावीक शिक्षण, सर्वांना एकच परीक्षा आणि कायद्याने राखलेली नोंदवही यांवाचून रोग्याला संरक्षण नाही व परिचारिकेला मान नाही, असे त्या सांगत राहिल्या. तीसएक वर्षांच्या झगड्यानंतर १९१९ साली तेथे कायदा झाला आणि त्या नोंदवहीत पहिला क्रमांक श्रीमती फेनविक यांना मिळाला. न्यूझीलंडने मात्र १९०१ सालीच असा कायदा करून सर्वांवर आघाडी घेतली होती.

भारतात आरंभी प्रत्येक रुग्णालय आपापले प्रमाणपत्र देई. एका ठिकाणचा कागद दुसऱ्या ठिकाणी चालेलच, याची शाश्वती नसे. मिशन रुग्णालयांनी एकत्र येऊन परीक्षा मंडळे स्थापिली, तेव्हा शिकविणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा, ही शिस्त रुजू लागली. पुढे मद्रास प्रांतात १९२६ साली आणि मुंबई प्रांतात १९३५ साली नोंदणीचे कायदे झाले. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात असल्याने आपल्या भागातील परिचारिकांनाही तोच कायदा लागू झाला. ज्या काळी बाईची ओळख अमक्याची मुलगी किंवा तमक्याची पत्नी एवढीच असे, त्या काळी तिच्या स्वतःच्या विद्येच्या बळावर तिचे नाव सरकारमान्य नोंदवहीत लिहिले गेले. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

१९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. साऱ्या देशात सुमारे सात हजार परिचारिका, म्हणजे त्रेचाळीस हजार लोकांमागे एक, असे चित्र त्यात होते. पुढच्याच वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. या कायद्याने मान्य केलेली पात्रता कोणत्याही प्रांताच्या नोंदवहीसाठी पुरेशी ठरली. आपणा सीमाभागातील लोकांना या तरतुदीचे मोल अधिक कळावे. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्या राज्याने १९६१ साली आणि महाराष्ट्राने १९६६ साली आपापला कायदा केला. मिरजेस शिकलेल्या मुलीला बेळगावात नोकरी करावयाची तर कर्नाटकाच्या परिषदेकडे पुन्हा अर्ज करावा लागे. हेलपाटे पडत, पण तिची विद्या सरहद्दीवर अडली नाही.

२०२३ साली संसदेने या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा संमत केला. तरीही एक दुखणे अजून बरे झालेले नाही. शिक्षण न झालेल्या गरीब मुलीला पांढरा पोशाख चढवून तुटपुंज्या पगारावर 'सिस्टर' म्हणून उभी करणारे दवाखाने आजही आढळतात. त्यात धोका रोग्याला आहे, तसा त्या मुलीलाही आहे. कारण काही विपरीत घडले तर तिच्या पाठीशी ना विद्या असते, ना कायदा.

नाइटिंगेलबाईंचा आक्षेप खोटा नव्हता. करुणेची परीक्षा अद्याप कोणालाही घेता आलेली नाही. पण मात्रा किती द्यावी, जखम कशी धुवावी, नाडी केव्हा बिघडली, याचे ज्ञान नसेल तर नुसती करुणा रोग्याला वाचवीत नाही. म्हणून या परीक्षेला बसणाऱ्या आमच्या मुलींना माझे सांगणे एवढेच, की अभ्यास मनापासून करा आणि नोंदणीचा कागद जपून ठेवा. काशीबाईंच्या पिढीला जे मिळाले नव्हते, ते त्या कागदावर तुमच्या नावाने लिहिलेले आहे.