पूर्वजांच्या देशातील वसतिगृहे

आग्नेय आशियात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांनी आपली मुले शिक्षणासाठी पूर्वजांच्या देशात धाडण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली आणि युद्धे, क्रांत्या व बंदीहुकूम यांमुळे अनेकदा खंड पडूनही ती आजवर टिकून आहे. या प्रथेकडे पाहताना राष्ट्रवाद, वसाहतींचे कायदे आणि शीतयुद्धाचे राजकारण यांचा विचार करावाच लागतो; परंतु तिचे खरे स्वरूप समजते ते ही मुले जिथे राहिली, जेवली आणि आजारी पडली त्या वसतिगृहांत. त्यांना चिनी समाजात सामावून घ्यावे म्हणून राज्यकर्त्यांनी वेगळी शाळा, वेगळी खोली आणि वेगळी खानावळ उभी केली, आणि नेमक्या या वेगळ्या पाहुणचारामुळेच ती मुले अखेरपर्यंत बाहेरून आलेली राहिली.

या कथेचा आरंभ जावा बेटावर होतो. डच अमलाखालील या बेटावरील चिनी समाजाचा मोठा भाग ‘पेरानाकान’ होता. म्हणजे ज्यांचे पुरुष पूर्वज फूच्येन प्रांतातून आले, स्थानिक स्त्रियांशी संसार करून तिथेच रुजले आणि ज्यांच्या घरात कालांतराने मलय भाषा बोलली जाऊ लागली, असे लोक. डच सरकारने त्यांच्या मुलांसाठी शाळांची सोय केलेली नव्हती. बटाव्हिया, म्हणजे आजच्या जाकार्ता, येथे 1900 साली ‘त्योंग ह्वा ह्वे क्वान’ ही संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने शाळा काढली, तेव्हा तिथे घरची मलय किंवा पूर्वजांची होक्क्येन बोली न शिकवता उत्तर चीनच्या बोलीवर आधारलेली प्रमाण चिनी भाषा शिकवण्यात आली. हा निर्णय दूरगामी ठरला, कारण या भाषेत शिकलेल्या मुलाला पुढच्या शिक्षणासाठी चीनखेरीज दुसरा रस्ताच उरत नव्हता.

चीनमधील छिंग राजवटीलाही ही मुले हवी होती. समुद्रापलीकडच्या चिनी व्यापाऱ्यांचा पैसा सुन यत्-सेन यांच्या क्रांतिकारक चळवळीकडे वळू लागला होता, आणि त्या समाजाची निष्ठा टिकवायची तर त्याच्या मुलांना हाताशी धरणे भाग होते. नानजिंग येथून कारभार पाहणारे सुभेदार त्वानफांग यांच्या पुढाकाराने 1906 साली तेथे ‘जीनान’ नावाची शाळा मंजूर झाली (शानतोंग प्रांतातील त्याच नावाच्या शहराशी तिचा संबंध नाही) आणि जावाहून 21 मुलांची पहिली तुकडी तिच्या वसतिगृहात दाखल झाली. दक्षिण समुद्राकडील, म्हणजे चिनी लोक ज्याला ‘नानयांग’ म्हणत त्या आग्नेय आशियातील मुलांसाठी चीन सरकारने उघडलेली ही पहिली शाळा होय. तिचा परिणाम नानजिंगपेक्षा बटाव्हियात अधिक लवकर जाणवला. डचांनी 1908 साली घाईने चिनी मुलांसाठी डच माध्यमाच्या शाळा काढल्या; छिंग सरकारने 1909 साली वडिलांच्या वंशावरून नागरिकत्व ठरवणारा कायदा केला, तर डचांनी 1910 साली आपल्या वसाहतीत जन्मलेल्यांना डच प्रजाजन ठरवले. अशा रीतीने एकाच मुलावर दोन राजवटी हक्क सांगू लागल्या आणि त्याच्या स्वतःच्या मनाचा कौल मात्र कोणी विचारला नाही.

छिंग राजवट उलथवणाऱ्या 1911च्या क्रांतीत जीनान शाळा बंद पडली. आग्नेय आशियाचा दौरा करून आलेले शिक्षणतज्ज्ञ ह्वांग येनपेय यांनी 1918 साली ती पुन्हा सुरू केली. 1923 साली ती शांघायजवळच्या चन्‌रू या गावी हलली आणि 1927 साली राष्ट्रीय विद्यापीठ झाली. यानंतरचा तिचा इतिहास विस्थापनाचा आहे. 1932च्या जपानी हल्ल्यात चन्‌रूच्या परिसराची हानी झाली, 1937 साली तो उद्ध्वस्त झाला आणि विद्यापीठाने शांघायमधील परकीय सत्तांच्या वसाहतीत आसरा घेतला. 8 डिसेंबर 1941 रोजी जपानी फौजा त्या वसाहतीतही शिरल्या. त्या दिवशी तिथे शिकवत असलेले साहित्यिक चंग चन्‌त्वो यांनी नंतर लिहून ठेवले आहे की दारावरून पहिला जपानी सैनिक किंवा जपानी निशाण लावलेली पहिली गाडी जाताच पुस्तके मिटायची असे ठरले होते आणि तोवर नेहमीप्रमाणे तास घेतले गेले. विद्यापीठ पुढे फूच्येन प्रांतातील च्येनयांग या आडगावी गेले. आग्नेय आशियाही जपानच्या ताब्यात गेल्यामुळे तिकडच्या विद्यार्थ्यांना घरून येणारे पैसे थांबले; ज्यांच्याकडे इतर विद्यार्थी खात्यापित्या घरची मुले म्हणून पाहत असत, ती आता मदतनिधीवर दिवस काढू लागली. या दिवसांत ती इतर चिनी विद्यार्थ्यांच्या जितकी जवळ आली, तितकी शांततेच्या काळात क्वचितच आली असतील.

सरकारी प्रयत्नांइतकाच एका माणसाचा प्रयत्न येथे महत्त्वाचा आहे. फूच्येनच्या किनाऱ्यावरील जीमेय या कोळ्यांच्या गावी 1874 साली जन्मलेले तान काह की सिंगापुरात रबराच्या धंद्यात श्रीमंत झाले आणि त्यांनी 1913 साली आपल्या गावी प्राथमिक शाळा काढली, 1921 साली शेजारच्या श्यामेन येथे विद्यापीठ स्थापन केले आणि 1934 साली धंदा गुंडाळावा लागल्यावरही शाळांची काळजी सोडली नाही. जीमेयच्या इमारतींचे शरीर पाश्चात्त्य धर्तीचे, कमानी आणि सज्जे असलेले आहे, तर माथ्यावर दक्षिण फूच्येनचे, दोन्ही टोकांना पाकोळीच्या शेपटीसारखे वर वळलेले छप्पर आहे. सिंगापूर-पेनांगच्या गल्ल्यांत वाढलेल्या मुलाला या सज्ज्यांत ओळखीचे काही सापडत असावे असे मानण्यास जागा आहे.

1949 साली चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आल्यानंतर या प्रथेने पूर्वी कधी नव्हते असे मोठे रूप घेतले. इंडोनेशियात चिनी माध्यमाच्या शाळा जोरात होत्या, पण त्यांच्या वर विद्यापीठ नव्हते. घरातल्या वडीलधाऱ्यांचा विरोध पत्करून, नव्या चीनच्या उभारणीत भाग घेण्याच्या ध्येयाने भारलेली हजारो मुले-मुली 1950च्या दशकात निघाली. इंडोनेशिया सोडताना त्यांना परत न येण्याच्या कागदावर सही करावी लागे. विशीच्या आतल्या मुलाने केलेली ती सही जन्मभराची होती, आणि या सगळ्या इतिहासातील सर्वांत कठोर गोष्ट हीच म्हणावी लागेल. बोटीने हाँगकाँग, तिथून आगगाडीने सरहद्दीवरचे लो वू, मग पायी पूल ओलांडून पलीकडे आणि पुन्हा आगगाडीने ग्वांगझू, असा प्रवास असे. सामानात सायकल हमखास असायची, कारण चीनमध्ये ती दुर्मीळ आणि महाग होती.

आल्यावर त्यांना प्रथम ‘पूर्वतयारी शाळां’त ठेवले जाई. परदेशस्थ चिनी, म्हणजे ‘ह्वाछ्याओ’, यांच्या मुलांची भाषा आणि विषयांची तयारी करून त्यांना नेहमीच्या शाळा-महाविद्यालयांत धाडणाऱ्या या संस्था बीजिंग, ग्वांगझू आणि जीमेय येथे होत्या. दुमजली लोखंडी पलंग, प्रत्येकाचा थर्मास आणि तो भरण्यासाठी बंबाच्या खोलीपुढे लागणारी रांग, हे त्या वसतिगृहांचे नित्याचे रूप होते. जावात दिवसातून दोन वेळा हौदातले पाणी डोक्यावर ओतून आंघोळ करण्याची रीत आहे. बीजिंगच्या हिवाळ्यात मात्र सामाईक स्नानगृहात ठरल्या दिवशी जावे लागे, आणि ही अडचण अनेकांना थंडीहूनही अवघड वाटली. भाताच्या जागी मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे आले. घरून येणाऱ्या पुडक्यांत साम्बाल, म्हणजे मिरची आणि आंबवलेली कोळंबी कुटून केलेला तिखट पदार्थ, असे. वर्गात सर्वजण प्रमाण चिनी बोलत, पण दिवा मालवल्यावर मेदान, सुराबाया आणि बांडुंग येथील मुलांची गप्पांची भाषा इंडोनेशियनच राही. ज्या देशाला त्यांनी कायमचे सोडले होते त्या देशाचे गावकरी म्हणून ती एकमेकांना येथे प्रथम ओळखू लागली.

सरकारने त्यांना सवलती दिल्या आणि त्या मनापासून दिल्या. परदेशातून पैसे येणाऱ्या कुटुंबांना खास दुकानांत धान्य, तेल व कापड घेण्याची कुपने मिळत, आणि 1959 ते 1961 च्या भीषण दुष्काळात या कुपनांचे मोल काय होते हे सांगण्याची गरज नाही. शेजारच्या खोलीतला अर्धपोटी विद्यार्थी ते पाहत होता. त्यातच इंडोनेशियाने 1959 साली ग्रामीण भागातील किरकोळ व्यापार परकीय नागरिकांना बंद केला आणि पुढच्या वर्षी सुमारे एक लाख माणसे चीनने पाठवलेल्या बोटींतून आली. या लोंढ्याला सामावण्याच्या गरजेमुळे 1960 साली फूच्येनमधील छ्वानचौ येथे ह्वाछ्याओ विद्यापीठ निघाले. जीनान त्यापूर्वी, 1958 साली, ग्वांगझू येथे नव्याने उभे राहिले होते.

या पिढीने चीनला काय दिले याचा पुरावा बॅडमिंटनमध्ये सहज सापडतो. 1954 साली इंडोनेशियाहून आलेले वांग वनच्याओ आणि छन फूषौ यांनी या खेळाचा तेथे पाया घातला. 1960 साली आलेले थांग श्येनहू आणि हौ ज्याछांग यांनी 1965च्या युरोप दौऱ्यात डेन्मार्कच्या नामांकित खेळाडूंना नमवले. चीन तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेबाहेर असल्याने त्यांना अधिकृत जागतिक विजेतेपदासाठी कधी खेळताच आले नाही.

1966 साली सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि कालपर्यंत आदराचे कारण असलेले ‘परदेशी नातेसंबंध’ एका रात्रीत संशयाचे कारण ठरले. घरून आलेले पत्र, रंगीत सदरा आणि तीच सायकल आता पुराव्यादाखल मांडली जाऊ लागली. पूर्वतयारी शाळा बंद पडल्या, 1970 साली जीनानही बंद झाले. 1970च्या दशकाच्या आरंभी बाहेर पडण्याची परवानगी मिळू लागली तेव्हा हजारोंनी देश सोडला. इंडोनेशियाची दारे सहीनिशी बंद झाली होती, म्हणून ते हाँगकाँगमध्ये अडकले. ब्रिटिश हाँगकाँगमध्ये चीनच्या पदव्यांना मान्यता नसल्याने डॉक्टर आणि अभियंते झालेली माणसे कारखान्यांत कामाला लागली आणि अनेकांनी उरलेले आयुष्य तिथेच काढले.

जीनान आणि ह्वाछ्याओ ही दोन्ही विद्यापीठे 1978 साली पुन्हा उघडली. इंडोनेशियात दरम्यानच्या काळात चिनी भाषेवर आलेले निर्बंध 1998 नंतर उठत गेले आणि तिथली मुले पुन्हा येऊ लागली. फरक इतकाच की तीन दशकांच्या बंदीमुळे त्यांतील बहुतेकांना ही भाषा मुळाक्षरांपासून शिकावी लागते. परत जाण्याचा रस्ता त्यांना मोकळा आहे, त्यामुळे आजोबांच्या पिढीला जन्मभरासाठी करावी लागलेली निवड त्यांना करावी लागत नाही. जीनानमध्ये मात्र मुख्य भूमीवरील विद्यार्थी आणि बाहेरचे विद्यार्थी यांच्या प्रवेशाच्या वाटा आजही निरनिराळ्या आहेत, आणि विद्यार्थी एकमेकांना ‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ अशाच नावांनी ओळखतात.