‘भ्रातरः’ या पदांतील भगिनी

स्त्री व पुरुष यांची समता आधुनिक समाजांत साध्य होईल काय, हा प्रश्न हल्लीं सभांतून व वर्तमानपत्रांतून पुष्कळ चर्चिला जातो. त्या वादांत पडण्याचा आमचा अधिकार नाहीं व हेतुही नाहीं. तथापि या प्रश्नाचा एक अंश असा आहे कीं, त्याचा खल आपल्या जुन्या पोथ्यांच्या पानांवर कित्येक शतकें चालला होता आणि त्याचा निकाल व्याकरणाच्या एका सूत्रावर येऊन ठेपला होता. तो अंश म्हणजे बहिणीचा दायाधिकार. त्याविषयीं वाचनांत जें आलें तें येथें मांडतों.

निपुत्रिक मनुष्य मरण पावल्यास त्याच्या धनाचे अधिकारी कोण, हें याज्ञवल्क्यानें क्रमानें सांगितलें आहे. प्रथम पत्नी, नंतर कन्या, नंतर मातापितरें, नंतर भाऊ, भावांचे पुत्र, पुढें गोत्रज, बंधु, शिष्य व सहाध्यायी. या यादींत शिष्य आहे, सहाध्यायी आहे, पण सख्खी बहीण नाहीं! कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत या क्रमाचें विवरण केलें. ‘पितरौ’ हें पद येतांच तो थांबतो व सांगतो कीं, हा एकशेष आहे. याचा विग्रह करतां मातेचा उच्चार आधीं होतो, म्हणून मातेचा अधिकार पित्याच्या आधींचा. एका द्विवचनाच्या बळावर त्यानें आईला बापापुढें बसविलें. मात्र पुढचेंच ‘भ्रातरः’ हें पद त्यानें तसेंच सोडून दिलें. त्या पदाखालीं त्यानें सख्ख्या व सावत्र भावांचा क्रम लावला. बहिणीचें नांव काढलें नाहीं.

ज्यांनीं अष्टाध्यायी पाठ केली असेल त्यांना यांतील गंमत लगेच कळेल. मातेसह उच्चारलेला पिता शेष राहतो, हें सूत्र पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांतील 70 वें. बहिणीसह उच्चारलेला भाऊ शेष राहतो, हें त्याच पादांतील 68 वें. दोहोंच्या मध्यें एकच सूत्र आहे. विज्ञानेश्वराचा हात 70 व्या सूत्रापर्यंत गेला व 68 व्यापर्यंत गेला नाहीं, याचें कारण व्याकरणांत शोधून सांपडणार नाहीं.

तें काम पुढें काशींतील पंडितांनीं केलें. नंदपंडितानें व त्यानंतर ‘बाळंभट्टी’च्या कर्त्यानें ‘भ्रातरः’ या पदांत एकशेषानें भगिनीचाही समावेश होतो, असा अर्थ लावला. बाळंभट्टी ही मिताक्षरेवरील अठराव्या शतकांतील टीका. पायगुंडे हें घराणें काशींत स्थायिक झालेलें महाराष्ट्रीय, आणि वैद्यनाथ पायगुंडे हे नागोजीभट्टांचे शिष्य व स्वतः नामांकित वैयाकरण. तेव्हां एकशेषाचें शस्त्र या घरांतून निघावें, यांत नवल नाहीं. नवल दुसऱ्याच गोष्टीचें आहे. या टीकेस ‘लक्ष्मीव्याख्यान’ असें दुसरें नांव असून तिचें कर्तृत्व ग्रंथांत वैद्यनाथांची पत्नी लक्ष्मीदेवी हिच्याकडे दिलेलें आहे. आधुनिक विद्वानांपैकीं बहुतेकांना हें मान्य नाहीं. कोणी हा ग्रंथ पतीचा म्हणतात, कोणी पुत्र बाळंभट्ट यांचा. मिताक्षरेवरील टीका लिहावयास मीमांसा व व्याकरण या दोन्ही शास्त्रांत गति हवी, हें खरें. पण त्या घरांत दोन्ही शास्त्रें रोज बोललीं जात होतीं, आणि ऐकणाऱ्यांचे कान कांहीं पुरुषांपुरतेच उघडे नव्हते. घटकाभर असें धरूं कीं, पुत्रानेंच मातेच्या नांवें ग्रंथ केला. तरीही स्त्रियांच्या अधिकाराचा पक्ष इतक्या आग्रहानें घेणाऱ्या ग्रंथावर त्याला आईचेंच नांव कां घालावेंसें वाटलें, हा प्रश्न उरतोच. आमच्या मतें लक्ष्मीदेवीचा पक्ष अजून निकालांत निघालेला नाहीं.

नीलकंठभट्टांनीं याच्या आधींच, सतराव्या शतकांत, व्यवहारमयूखांत दुसरी वाट काढली होती. हें भट्ट घराणेंही मूळचें पैठणचें. त्यांनीं एकशेषाचा आधार घेतला नाहीं. बहीण ही भावाच्याच गोत्रांत जन्मली, तेव्हां ती गोत्रज आहेच. विवाहानें ती सगोत्र राहिली नाहीं इतकेंच, असें म्हणून त्यांनीं तिला आजीच्या पाठोपाठ बसविलें. ‘गोत्रज’ व ‘सगोत्र’ या दोन शब्दांतील फट त्यांनीं नेमकी हेरली. आम्हांस हा युक्तिवाद एकशेषाहूनही सरस वाटतो, कारण त्यांत सूत्राचा हवाला नसून जन्म या उघड गोष्टीचा हवाला आहे.

स्त्रियांच्या विरुद्ध पक्षाचा मोठा आधार म्हणजे तैत्तिरीय संहितेंतील एक वचन. स्त्रिया निर्बल, म्हणून दायास अपात्र, असा त्याचा अर्थ बौधायनापासून केला गेला. पराशरमाधवीयांत माधवाचार्यांनीं दाखविलें कीं तें वचन सोमयागांतील आहे; पात्नीवत ग्रहाच्या प्रसंगीं पत्नीला सोमाचा भाग नाहीं, एवढाच त्याचा विषय. यज्ञांतील पेयाविषयींचें वाक्य शेताच्या वाटणीस लावल्यानें केवढा अनर्थ झाला, हें वेगळें सांगावयास नको.

पोथींतील हा वाद पुढें न्यायासनापुढें गेला. विनायक आनंदराव विरुद्ध लक्ष्मीबाई या खटल्यांत मुंबईस 1861 सालीं भावाच्या मागें बहीण वारस ठरली व 1864 सालीं विलायतेंत प्रिव्ही कौन्सिलनें तो निकाल कायम केला. (येथेंही नांव लक्ष्मीच यावें हा योगायोग.) मुंबई इलाख्याबाहेर मिताक्षरा चालणाऱ्या प्रांतांत मात्र बहिणीस हें स्थान मिळण्यास 1929 चा कायदा व्हावा लागला. त्यानें तिला आजोबांच्या नंतर व चुलत्याच्या आधीं बसविलें. 1956 च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यांत भाऊ आणि बहीण एकाच पायरीवर, समान हिश्श्यानें आले. म्हणजे 68 व्या सूत्राचा अर्थ कायद्याच्या पुस्तकांत पूर्णपणें उतरला तो त्या वर्षीं. त्याच सूत्रांत पुत्रासह कन्याही सांगितली आहे. एकत्र कुटुंबांत तिला जन्मसिद्ध हक्क मिळण्यास महाराष्ट्रांत 1994 व सर्व देशांत 2005 साल उजाडलें. पहिल्या सुधारणेंत आधीं लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. दुसरींत तो भेद गेला, आणि 2020 सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा हक्क जन्मापासूनचा असल्याचें स्पष्ट केलें. तरी अवशेष आहेच. निपुत्रिक विधवा मृत्युपत्र न करतां वारल्यास तिनें स्वतः मिळविलेलें धन तिच्या आईबापांआधीं पतीच्या वारसांकडे जातें, आणि पुरुषाच्या धनास असा नियम नाहीं.

येथवर ग्रंथांचें झालें. आम्ही राहतों तें वरठी हें गांव भंडाऱ्याहून जवळ. येथील रेल्वेस्थानकाचें नांव मात्र ‘भंडारा रोड’. गांवांत पोलादाचा कारखाना आहे, भोंवतीं धानाचीं शेतें आहेत, आणि शेतांचे सातबारे आहेत. बाप वारला कीं वारसांच्या फेरफारांत मुलींचीं नांवें लागतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्र होतें आणि तीं नांवें कमी होतात. अठराव्या शतकांत काशीस मिळालेला अर्थ, एकोणिसाव्यांत मुंबईस मिळालेला निकाल व विसाव्यांत दिल्लीस झालेला कायदा, हे तिन्ही त्या एका कागदानें परत केले जातात, आणि तेंही राजीखुशीनें.

दुसऱ्यांकडे बोट दाखविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आमचे वडील वारले तेव्हां आम्हीही धाकट्या बहिणीकडून असाच कागद करून घेतला. त्या काळीं शाळेंत वरच्या वर्गास आम्ही एकशेष शिकवीत होतों. फळ्यावर ‘पितरौ’ लिहून माता कोठें आहे, असें मुलांना विचारीत होतों. बहिणीनें दुय्यम निबंधकाच्या कचेरींत एवढेंच विचारलें, “भाऊ, सही कुठं करू?” कागद न वाचतां तिनें सही केली. पुढें बाळंभट्टीचा हा भाग वाचनांत आला तेव्हां लाज वाटली, आणि तिचा हिस्सा बक्षीसपत्रानें परत करण्याची गोष्ट आम्हीं तिच्याजवळ काढली. ती म्हणाली, “आता काय करू घेऊन, भाऊ? लोक म्हणतील, बहिणीनं भावाची जमीन घेतली. भाऊबीजेला बोलावता ते पुरे.” माहेर टिकवावयाचें तर हक्क सोडावयाचा, हा व्यवहार कोणत्याही निबंधग्रंथांत लिहिलेला नाहीं, तरीही मिताक्षरेहून तो अधिक कसोशीनें पाळला जातो. बक्षीसपत्राचा मसुदा तयार आहे. तिच्या संमतीची वाट पाहत आहों.

संग्राहकांपाशीं एक मागणें आहे. बाळंभट्टीच्या हस्तलिखितांपैकीं कोणतींही पानें, विशेषतः व्यवहाराध्यायाचीं, ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं प्रत्येक प्रकरणाच्या शेवटची पुष्पिका शब्दशः उतरून पाठवावी. कर्त्याचें नांव कोठें खोडलें अगर बदललें असल्यास तेंही नमूद करावें. तसेंच जुन्या दप्तरांतील वाटणीपत्रें चाळतांना चोळीबांगडीसाठीं अगर अन्नवस्त्रासाठीं बहिणीला जमीन लावून दिल्याचा उल्लेख आढळल्यास साल, गांव व जमिनीचें मान यांसह कळवावें. साक्षींच्या रकान्यांत एखाद्या स्त्रीची स्वतःची निशाणी असेल तर ती वगळूं नये.